मन्मथआप्पा नकाशात जातात

आमच्या ऑफिसातले मन्मथआप्पा नकाशा तपासायला घेतात तेव्हा आधी चप्पल काढतात. मोठा कागद फरशीवर अंथरायचा, चार कोपऱ्यांवर विटांचे चार तुकडे ठेवायचे, चप्पल बाजूला सारायची आणि गुडघ्यांवर बसून कागदावरच्या मुख्य दरवाजावर बोटानं टकटक करायची. मग "हाय का कुणी घरात?" असं विचारून आप्पा आत जातात. आत म्हणजे नकाशात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, यांना कुणीतरी दवाखान्यात न्यायला हवं. आठ दिवसांनी तोच माणूस आप्पा नकाशातून बाहेर येईपर्यंत हलक्या पावलानं चालायला लागतो.

मी संध्या. मूळची चाकूरची, शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, आणि गेली सहा वर्षं नांदेडच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. आप्पा लोह्याकडचे. हातानं ट्रेसिंग काढायच्या काळातले ड्राफ्ट्समन. संगणक आला तशी नकाशे काढणारी नवी माणसं आली आणि आप्पांकडे फक्त तपासणी उरली. 'फक्त' म्हणते खरी, पण कोपऱ्यात आप्पांची हिरव्या पेन्सिलीची खूण नसेल तर आमच्या ऑफिसातून नकाशा बाहेर जात नाही. साहेबांनी स्वतः काढलेला असला तरी.

आप्पांचं एक पेटंट वाक्य आहे. मी एखादा नकाशा पुन्हा पुन्हा मोजून, बेरजा जुळवून, मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवते. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "मापं बरोबर असतील माय. पर माणूस फिरवला का?"

माणूस फिरवायचा म्हणजे असा. आप्पांच्या डोक्यात एक कायमचं कुटुंब आहे. गुडघे धरलेली एक म्हातारी, घाईतली सून, दारं आपटणारी दोन पोरं आणि न सांगता आलेला पाहुणा. कुणाचंही घर असो, हेच कुटुंब आधी तिथं राहायला जातं. आप्पांचं बोट चालू लागतं आणि तोंडही. "म्हातारी उठली. पलंगावरून पाय खाली. भिंतीचा आधार घेत चालली... थांब, इथं भिंतच न्हाई! कशाला धरंल ती? तुमच्या साहेबाच्या डिग्रीला?"

एका डॉक्टरांच्या बंगल्याचा नकाशा तीन इंजिनिअरांनी पास केला होता. आप्पांनी त्यातून एक पलंग फिरवला आणि तो बोळाच्या वळणावर अडकला. दुसऱ्या एका घरात पाहुणा सोफ्यावर बसला आणि सून न्हाणीचं दार उघडून थेट त्याच्यासमोर आली. "मायला! लाजून मेली की हो ती पोरगी," म्हणत आप्पा स्वतःच मान फिरवून बसले. त्या काल्पनिक सुनेची त्यांनी राखलेली ती अदब पाहून मला हसूही आलं आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला.

ते डॉक्टर एकदा काही विचारायला ऑफिसात आले होते. आप्पा फरशीवर, बोट कागदावर. डॉक्टरांनी नमस्कार केला, तर आप्पा वर न बघता म्हणाले, "जराक थांबा. मी आणखी माडीवर हाय." डॉक्टर मुकाट्यानं खुर्चीवर बसले. दहा मिनिटांनी आप्पा जिना उतरले, दाराबाहेर आले, चप्पल घातली आणि मग म्हणाले, "हां, बोला."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साहेबांनी जाहीर केलं की कागद बंद. कपाटं भरली, मोठे नकाशे छापणारा प्लॉटर सारखा बिघडतो, गिऱ्हाईक रोज बदल सांगतं आणि रोज नवीन कागद काढावा लागतो. लातूरला एका क्लासवाल्यांचं मुलींचं हॉस्टेल आमच्याकडे आलं होतं, ऑफिसचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्क्रीनवरच करायचं ठरलं. साहेब मनानं वाईट नाहीत. ते आप्पांना हळूच म्हणाले, "आप्पा, स्क्रीनवर जमतंय का बघा. नाहीतर आता वयही झालंय. आराम करा."

आराम करा म्हणजे काय, हे आप्पांना कळलं आणि मलाही कळलं. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही, एवढं मला माहीत होतं. बायको फार पूर्वी गेली, एकुलती एक मुलगी पुण्याला डॉक्टर आहे. ऑफिस सुटलं की हा माणूस एका भाड्याच्या खोलीत जातो आणि सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर असतो. नकाशा काढून घेतला तर यानं जायचं कुठं?

मी त्यांना माझ्या बावीस इंची स्क्रीनसमोर बसवलं. हॉस्टेलचा नकाशा उघडला. आप्पांनी चप्पल काढली, काचेवर टकटक केली, आत गेले. बोट जिन्यापर्यंत पोचलं आणि स्क्रीन संपली. मी माऊसनं नकाशा सरकवला.

"घर हलून राहिलं की माय!" आप्पा दचकले. "मी उभा हितंच, अन् घर गेलं पुढं!"

मी सगळा नकाशा मावेल इतका लहान केला. "हे काय, मुंग्यांचं वारूळ?" मी मोठा केला. "आता नुस्ती कडी दिसून राहिली. घर कुठं हाय?" दिवसभर हेच. संध्याकाळी ते डोळे चोळत म्हणाले, "म्हातारी वाटंतच राहती, संध्याबाई. तुम्ही स्क्रीन सरकवली की मला सापडतच न्हाई ती."

मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, आप्पांना मोठा मॉनिटर घेऊन द्या, निवड त्यांना करू द्या. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडच्या बाजारात निघालो. आप्पांच्या काखेत एका जुन्या नकाशाची गुंडाळी, खिशात त्यांची लाकडी मोजपट्टी आणि पेनड्राइव्हमध्ये हॉस्टेल. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, काय पतंग हाय का?" आप्पा म्हणाले, "घर हाय. दमानं चालव."

पहिल्या दुकानात पोरगेल्या विक्रेत्यानं आम्हाला कमानीसारखा वळलेला मॉनिटर दाखवला. गेमिंगला एकदम भारी, म्हणाला. आप्पांनी त्यावर नकाशा उघडायला लावला, खिशातून मोजपट्टी काढली आणि काचेवर लावली. पट्टी मधे अधांतरी राहिली.

"भिंत वाकडी हाय ही."

"काका, भिंत सरळच आहे, मॉनिटर कर्व्ह आहे."

"आमच्या मिस्त्रीनं वाकडी भिंत घातली तर मी पाडायला लावतो. तुम्ही तर विकून राहिले!"

दुसऱ्या दुकानात सत्तावीस इंची होता. रेषा अशा स्वच्छ, की आप्पांनी काच पुसून पाहिली. पण मापांचे आकडे खसखशीएवढे. तिसऱ्या दुकानात बत्तीस इंची मिळाला, तर आकडे मोठे पण कडा विरलेल्या. आप्पांना हे कोडं पडलं. मोठा असून अंधुक कसा? मी समजावलं की पडद्यावर बारीक ठिपके असतात. या बत्तीस इंचीत ठिपके आपल्या बावीस इंचीएवढेच आहेत, फक्त मोठ्या जागेत पसरलेत. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे पलंग मोठा केला, पर चादर तीच ताणून घातली!"

एवढं कळल्यावर आप्पांना आवरणं मुश्कील झालं. पुढच्या प्रत्येक दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ते म्हणायचे, "इंच नका सांगू. ठिपके सांगा." एका विक्रेत्यानं तर घाबरून मालकालाच फोन लावला, की तपासणीला कुणी साहेब आलेत.

मधल्या काळात आमच्या साहेबांनी आपली हुशारी दाखवली. त्यांनी पंचावन्न इंची टीव्हीच आणून भिंतीवर टांगला. "घ्या आप्पा, याच्याहून मोठं काय पाहिजे?" आप्पा मान वर करून दोन तास नकाशात फिरले. मग मान चोळत खाली बसले आणि एक लाल आकडा दाखवून मला विचारलं, "हे तीन हाय का आठ?" त्या टीव्हीवर लाल अक्षरं पसरत होती. मलाही सांगता येईना. तुळईच्या मापात तीनाचा आठ झाला तर काय होतं हे साहेबांना सांगावं लागलं नाही. टीव्ही मीटिंगच्या खोलीत गेला आणि तिथं क्रिकेटच्या कामी आला.

आठापैकी सहा दिवस गेले. सातव्या दिवशी हॉस्टेलच्या जागेवर काम होतं म्हणून मी आणि आप्पा लातूरला गेलो. परतताना बसस्टँडजवळच्या एका दुकानात सहज डोकावलो. कोपऱ्यात एक अवाढव्य मॉनिटर धूळ खात उभा होता. दुकानदार म्हणाला, "शेअरवाल्या एकानं मागवला होता, तो परत आलाच नाही. त्रेचाळीस इंची आहे."

"ठिपके?"

दुकानदारानं ठिपके सांगितले. आमच्या बावीस इंचीच्या चौपट. आप्पांनी वितीनं रुंदी मोजली, काखेतली गुंडाळी उलगडून काचेपुढे धरली. कागद आणि पडदा जवळपास एका मापाचे निघाले. आप्पांनी स्टूल ओढलं आणि चप्पल काढली. दुकानदार म्हणाला, "असू द्या काका, चालतं चपलेचं." मी त्याला खुणेनं गप्प केलं.

हॉस्टेल उघडलं. सगळं एका नजरेत, आणि आकडेही स्वच्छ. आप्पांचं बोट निघालं. या वेळी घरात म्हातारी नव्हती, सून नव्हती. "पोरगी उठली. पाचचा गजर. बादली घेऊन चालली. पुढं चार पोरी उभ्या... हां, नळ पुरतात. केस विंचरायला आरसा? हाय. वाळवणाला गच्ची? हाय. पोरगी बिनघोर हाय." मला वाटलं, जिंकलो. खूण झाली, मॉनिटर झाला, आप्पांची नोकरीही वाचली.

मग बोट परत गेटवर आलं आणि थांबलं.

"बाप आला," आप्पा म्हणाले.

बोट तिथंच. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

"बाप आला डबा घेऊन. रविवार हाय. संध्याबाई, बाप बसंल कुठं?"

मी नकाशा पाहिला. गेट, वॉचमनची खोली, गाड्यांची जागा, ऑफिस. पुरुषांना त्यापुढे प्रवेश नाही, हे आम्हीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं. बापाला बसायला वीतभर जागा नव्हती. आणि गंमत बघा, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी स्वतः लातूरला हॉस्टेलात दोन वर्षं काढली आहेत. माझे वडील दर रविवारी चाकूरहून यायचे आणि आम्ही रस्त्यापलीकडच्या नालीच्या कठड्यावर बसून जेवायचो. इंजिनिअर झाले आणि तो कठडा विसरले. लाज वाटली, खरं सांगते.

आप्पा पडद्याकडे बघतच बोलू लागले. "माझी रेणुका हितंच, लातूरला हॉस्टेलात होती. दोन वर्सं. तिची माय तर नव्हतीच, मग मीच शनिवारी धपाटे करून ठिवायचो. रविवारी पहिली येष्टी. भिंतीला टेकून, उभ्या उभ्या खायाची पोरगी. अर्धा तास. मग आत जायची. म्हणायची, आप्पा, खिडकीतून हात करते." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "भिंत लई उंच होती, माय. अन् खिडक्या चाळीस. मी अंदाजानं हात करायचो. नकाशे काढणारा माणूस मी, पर माझ्या पोरीची खिडकी कोणती, दोन वर्सांत मला कळलं न्हाई."

दुकानदारानं न विचारता चहा मागवला.

मॉनिटर आम्ही घेतला. एसटीच्या पाठीमागच्या सीटवर आडवा घालून, नवरीला आणावं तसा सांभाळत नांदेडला आणला. साहेब खूश झाले. पण नकाशावर हिरवी खूण काही होईना. (कागद नसल्यामुळे ती खूण आता आप्पा माझ्याकडून माऊसनं काढून घेणार होते.) आप्पांचं म्हणणं एकच: गेटच्या आत सावलीचा ओटा पाहिजे, आणि तो अशा जागी, की बसलेल्या माणसाला पोरींच्या खिडक्या दिसल्या पाहिजेत.

साहेब म्हणाले, "आप्पा, तिथं सहा गाड्या लागतात. मालक ऐकणार नाहीत. आणि तुमचं काम तपासणीचं आहे."

"तपासूनच राहिलो साहेब," आप्पा म्हणाले. "मी आणखी गेटवरच हाय. आत जाऊ देईनात."

तीन दिवस आप्पा गेटवर होते. सकाळी यायचे, चप्पल काढायचे, गेटवर बोट ठेवून बसायचे. साहेबांचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. ज्या मॉनिटरवर आप्पांची नोकरी टिकायची तोच त्यांची नोकरी घालवतो की काय, या भीतीनं मला जेवण गोड लागेना. शेवटी नकाशा अडला कुठं हे बघायला हॉस्टेलचे मालकच लातूरहून आले. चांगले उंचेपुरे, घाईतले गृहस्थ.

आप्पांनी उठून त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "मालक, मापं बरोबर हायत. जराक माणूस फिरवा. तुम्ही बाप व्हा."

मालक हसले. पण आप्पांनी त्यांचं बोट धरलं आणि गेटवर ठेवलं. दुसऱ्या हातानं तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीवर स्वतःचं बोट टेकवलं. "ही तुमची पोरगी. सहा दिवसांनी बघून राहिले तुम्ही तिला. हातात डबा हाय. ऊन हाय. आता सांगा, कुठं बसता?"

मालकांचं बोट गेटपासून गाड्यांच्या जागेत गेलं, ऑफिसच्या दारावर गेलं, परत फिरलं. बावीस इंची पडद्यावर हे झालंच नसतं. तिथं गेट दिसलं की खोली दिसत नव्हती आणि खोली दिसली की गेट. इथं बाप आणि लेक एका काचेवर होते आणि मधली सगळी जागा उघडी पडली होती.

"किती गाड्या जातात म्हणालात?" मालकांनी विचारलं.

"सहा," साहेब घाईनं म्हणाले.

"जाऊ द्या. पालक खूश तर ॲडमिशन खूश." मालक उठले. दारापर्यंत गेले, मागे वळले आणि आप्पांना म्हणाले, "ओटा जरा लांब करा. आयाही येतात."

त्या दुपारी आप्पा गेटातून आत गेले. जाताना बोट ओट्यावर घडीभर टेकवलं. माझ्या हातून हिरवी खूण झाली. ती वाकडी आली म्हणून त्यांनी माझ्याकडून दोनदा पुसून घेतली.

हॉस्टेल यंदा बांधून झालं. मुली यायच्या आधीच्या शनिवारी आप्पांनी मला फोन केला. शेवटची तपासणी राहिली म्हणाले. मी विचारलं, आप्पा, आता कसली? तर म्हणे, "माणूस कुठं फिरवला? आतापर्यंत बोटच फिरलं."

रविवारी आम्ही पहिल्या एसटीनं लातूरला गेलो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात पिशवी होती. गेटच्या आत शिरल्यावर ते ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "माय, जरा वर जा. तिसऱ्या मजल्यावर. कोणत्याबी खिडकीत उभी ऱ्हा. मला सांगू नको कोणत्या."

मी जिने चढले. कोऱ्या भिंतींचा, ओल्या रंगाचा वास होता. मधल्या एका खोलीत गेले, खिडकी उघडली आणि हात केला. खाली आप्पा ओट्यावरून उठले. कपाळावर हात धरून खिडक्यांवरून बोट फिरवू लागले, अगदी नकाशावर फिरवतात तसं. एक, दोन, तीन. बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"डावीकडून चवथी!" ते ओरडले. "दिसली! चवथी हाय!"

मग तो माणूस हात हलवत राहिला. मीही हलवत राहिले. माझे डोळे भरून आले, कारण मला पक्कं माहीत होतं की तो हात माझ्यासाठी नव्हता, आणि तरी तो मला माझ्या वडिलांचाच वाटत होता.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं आणि वर बघून हाक मारली, "ये माय खाली. बसून खाऊ."

नकाशात एक रेघ वाकडी चालत नाही या माणसाला, पण धपाट्यांना धड आकार नव्हता. मी तीन खाल्ले.